गुणवंतरावांची दहा मिनिटं

आमच्या गल्लीतून बाहेर पडायचं असेल तर घरून दहा मिनिटं आधी निघावं लागतं. गल्ली काही लांब नाही. अकोल्यातल्या कोणत्याही कॉलनीत असते तेवढीच. तेरा घरं, दोन कडुनिंब आणि पाइपलाइनसाठी खणून ठेवलेला एक कायमचा खड्डा. पण गल्लीच्या तोंडाशी गुणवंतराव गावंडे यांचं घर आहे आणि घराच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत स्वतः गुणवंतराव बसलेले असतात. तुम्ही इस्त्रीचे कपडे घालून, हातात पिशवी घेऊन, घड्याळ बघत निघालात की ओट्यावरून आवाज येतो.

"कुठी चालले?"

संपलं. निघालेल्या माणसाला 'कुठं चाललात' असं विचारू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विचारलं की टोकलं, आणि टोकलं की काम होत नाही. त्याला उतारा एकच. परत फिरायचं, घडीभर बसायचं, पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं. म्हणून शहाणीसुरती माणसं आडून विचारतात, 'काय, आज लवकर?' वगैरे. गुणवंतरावांचं आडून काही नाही. ते सरळ टोकतात, रोज टोकतात आणि ठरवून टोकतात. उताराही तेच देतात. शेजारी तांब्या-पेला तयारच असतो. "या, बसा. पाणी प्या. दहा मिनिटानं जा. घाई कायची हाये?"

मी शाळेत भूगोल शिकवतो आणि वर्षातून एकदा अंधश्रद्धेवर भाषणही ठोकतो. तरी खरं सांगतो, टोकल्यावर तसंच पुढं जायला पाय उचलत नाही. एकदा मी हट्टानं गेलो. चौकात स्कूटर पंक्चर झाली. चौकात खिळे पडलेले होते आणि ते कोणाच्याही टायरात गेलेच असते, हे मला शास्त्रीयदृष्ट्या पटलेलं आहे. पण दुसऱ्या दिवसापासून मी मुकाट्यानं पाणी पिऊ लागलो.

आमचा ऑटोवाला शकूरभाई मात्र हुशार. तो आमच्या गल्लीतल्या लोकांना गाडीची वेळच चुकीची सांगतो. "काका के दस मिनट पकड के बोला मैं," म्हणतो. सात चाळीसची गाडी असली तर सात तीसची सांगतो. त्या दहा मिनिटांत स्वतःही गुणवंतरावांच्या ओट्यावर बसून पाणी पितो.

सगळ्यात कहर झाला तो वानखड्यांच्या मुलाच्या लग्नात. नवरदेव जीपमध्ये बसलेला, बाशिंग बांधलेलं, बँडवाले गालफडं फुगवून तयार. जीप गल्लीच्या तोंडाशी आली आणि ओट्यावरून प्रश्न आला, "कुठी चालले?" बँड मध्येच बंद पडला. नवरदेवाची आई मटकन खालीच बसली. "लग्नाले चाललो न काका!" नवरदेव रडकुंडीला येऊन म्हणाला. "मंग बस थोडा. लग्न काही पळून राहिलं काय?" चाळीस वऱ्हाडी उतरून आमच्या गल्लीत बसले आणि प्रत्येकाला पाणी पाजता पाजता चार घरांचे माठ रिकामे झाले. वऱ्हाडातलं लग्न मुहूर्तावर लागलेलं मी तरी आजवर पाहिलेलं नाही, म्हणून निभावलं. नाहीतर त्या दिवशी गुणवंतरावांना मार पडला असता.

आता गंमत ऐका. हा माणूस जन्मभर एस.टी.त वाहतूक नियंत्रक होता. स्टँडवर त्याला सगळे 'कंट्रोलर' म्हणत. काळा कोट, कानावर पेन आणि समोर माइक. "अकोट, हिवरखेड, तेल्हाराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे" हे ते इतकं खणखणीत म्हणत, की ज्याला वाशिमला जायचंय तोही घटकाभर तेल्हाऱ्याच्या गाडीकडे बघे. आणि वेळेचे इतके कडक, की एक मिनिट इकडचं तिकडं नाही. घड्याळाचा काटा आला की माइकवर त्यांचं ठरलेलं वाक्य, "झाली वेळ. सोडा गाडी." एकदा त्यांच्या सासूबाई उसाचा रस पिऊन फलाटाकडे धावत येत होत्या. गुणवंतरावांनी त्यांना पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "झाली वेळ. सोडा गाडी." सासूबाई पुढं जावयाशी बोलल्या त्या थेट नातीच्या बारशाला.

असा माणूस निवृत्तीनंतर जगाला थांबवत कसा सुटला? कारण सासूबाईंची तीच नात, म्हणजे गुणवंतरावांची लेक. मनीषा.

मनीषा लहान असतानाच तिची आई गेली. गुणवंतरावांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं तिला वाढवलं. ही पोरगी बारावीनंतर म्हणाली, "बाबा, मले विमान चालवायचं हाये." गल्लीत सगळ्यांना वाटलं, हवाई सुंदरी व्हायचं असेल, सांगताना चुकली. पण तिला चालवायचंच होतं. गुणवंतरावांनी हिवरखेडचं वाटणीचं वावर विकलं. नातेवाईक तुटून पडले. दिवसही तसे होते. वऱ्हाडाची बातमी म्हटली की एकच, शेतकऱ्यानं जीव दिल्याची; सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. अशा काळात काळीभोर जमीन विकून पोरीला आकाशात पाठवणारा माणूस लोकांना येडाच वाटणार. गुणवंतराव तेवढंच म्हणाले, "हुंड्यापाई वावर विकलं तं कोणी काई म्हनत नाई. पोट्टी शिकवाले विकलं तं सारे बोंबलून राहिले."

पोरगी शिकली. सुटीवर आली तेव्हा बापानं तिला समोर बसवून विचारलं, "मले एक सांग मने. याच्यात मानूस मरते कशानं?" असा प्रश्न कोणी बाप विचारतो का? पण कंट्रोलर होता. आधी अपघाताची जागा विचारायची, मग गाडी सोडायची, असं त्याचं शिक्षण. तिनंही खरं सांगितलं. तिनं जे सांगितलं ते गुणवंतरावांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. भूगोलाच्या मास्तराला वारा शिकवायला आले, तेही माझ्याच अंगणात आणि माझ्याच पाण्यानं.

पाण्यानं म्हणजे खरोखर पाण्यानं. त्या दिवशी पाच दिवसांनी नळ आला होता. आमच्या हिनं शेवटची बादली भरून आत न्यायला ठेवली होती. गुणवंतरावांनी ती उचलली. "सर, हा समजा वळवाचा ढग. उन्हाळ्यात, दुपारून गडगडते तो. अन् ही..." असं म्हणत त्यांनी माझ्या डाव्या पायातली चप्पल काढून फरशीवर ठेवली, "...ही तुमचं विमान. पट्टीवरून पळून राहिलं. आता पाहा." आणि काही कळायच्या आत त्यांनी अख्खी बादली फरशीवर पालथी केली.

पाणी धप्पकन पडलं आणि चारी बाजूंना पसरलं. चप्पल आधी थोडी वर उचलली, मग गिरकी घेऊन थेट तुळशीपाशी जाऊन पालथी पडली.

"पाह्यलं? गेले सारे," गुणवंतराव म्हणाले. माझ्या चपलेत किती माणसं होती देव जाणे, पण त्यांचा चेहरा खरोखर पांढरा झाला होता.

मग ओल्या फरशीवर उकिडवं बसून त्यांनी बोटानं समजावलं. ढगातून थंड वारा असाच धप्पकन खाली पडतो आणि जमिनीवर चारीकडे पसरतो. विमान त्याच्या दिशेनं पळत असलं की आधी वारा समोरून लागतो. विमानाला समोरचा वारा आवडतो, ते झोकात वर उचलतं. चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय छान चाललंय. पुढं मधोमध गेलं की वारा डोक्यावरून दाबतो. त्याच्याही पुढं गेलं की तोच वारा पाठीमागून येतो. "पहिले तोंडावर गोड बोलते, मंग डोक्शावर बसते, अन् मंग पाठीत लाथ घालते. समोरचा वारा गेला, पंखाचं बळ गेलं. अन् सर, उंचावर असलं तं सावराले जागा तरी असते. आत्ताच उडालेल्या विमानाखाली जागा असते काय? खाली नुसती जमीन!"

मी अठरा वर्षं वारे शिकवत होतो. व्यापारी वारे, मतलई वारे, खारे वारे. पण वाऱ्याची अशी भीती माझ्या वर्गात कोणाला कधी वाटली नाही. मला त्या माणसाचा हेवा वाटला आणि बादलीचा रागही आला. आतून आमच्या हिचा आवाज येतच होता, "पाच दिवसाचं पानी होतं हो भाऊजी!"

"मग यावर उपाय काय?" मी विचारलं.

गुणवंतराव उठले. "तेच तं. म्या पोट्टीले हेच विचारलं. म्हने, बाबा, उपाय सोपा हाये. अशा ढगापाशी उडायचंच नाई. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की बादली पडून मोकळी होते. पन लोकं थांबत नाई. पॅसेंजर वरडते, मांगच्या विमानाले घाई, पुढचं विमान नुकतंच बरोबर गेलेलं रायते. वाटते, आपुनही निघून जाऊ."

घरी जाताना ते फाटकाशी थांबले आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "जिंदगीभर म्या गाड्या सोडल्या सर. थांबवाचं कसं, हे मले येत नाई. अन् बापालेच येत नाई तं तिले कोन शिकवन?"

त्याच संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा मला टोकलं.

पुढं मनीषा एका विमान कंपनीत लागली. उजवीकडच्या सीटवर, म्हणजे कॅप्टनच्या हाताखाली. पन्नाससाठ माणसांची विमानं घेऊन ती देशभर फिरू लागली. पेपरात स्थानिक पानावर तिचा फोटो आला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या तेराही घरांनी तो कापून ठेवला. वऱ्हाडच्या माणसाचा फोटो, आणि त्याखाली चांगली बातमी! शकूरभाईनं तो ऑटोच्या काचेवर चिकटवला. पॅसेंजरला सांगे, "हमारे गली की बच्ची है. उडाती है, बैठती नहीं खाली."

बापलेकीचा एक नियम ठरला. ड्यूटीवर विमानाकडे जाण्याआधी तिनं मिसकॉल द्यायचा. गुणवंतराव फोन लावायचे आणि एकच विचारायचे, "कुठी चालली?" ती गावाचं नाव सांगायची. "पानी पेली?" "पेली बाबा." फोन बंद. ज्या दिवशी तिची दुपारची फेरी असेल आणि टीव्हीवर तिकडचं आभाळ दाखवत असतील, त्या दिवशी गुणवंतराव गल्लीत दुप्पट टोकायचे. दूधवाला, पोस्टमन, शाळेतली पोरं, कोणाला सुटका नाही. एकदा गॅसवाल्याला त्यांनी दोनदा टोकलं, येतानाही आणि जातानाही.

एकदा माझी नागपूरची गाडी त्यांच्यामुळं खरंच हुकली. मी चिडून परत आलो आणि ओट्यासमोर उभा राहून तोंडाला येईल ते बोललो. अडाणीपणा, रिकामटेकडेपणा, सगळं काढलं. ते ऐकून घेत राहिले. शर्टाच्या खिशातल्या फोनवर हात ठेवलेला. मग म्हणाले, "तिथं पट्टीवर मले कोन उभं राहू देनार सर? तिथं मी टोकू शकत नाई. म्हून इथं टोकतो. आपल्या गल्लीतून कोनी बिनाथांबता गेलंच नाई, तं तिच्या हाडात बसन, का आपल्या घरचे थांबते."

 मी बसलो आणि पाणी प्यालो.

मग ती चैत्रातली दुपार आली. हे मला मनीषानं स्वतः सांगितलं म्हणून खात्रीनं सांगतो. पूर्वेकडच्या एका शहरात त्यांचं विमान पट्टीच्या तोंडाशी उभं होतं. विमान भरलेलं, आधीच तासभर उशीर. बाजूला ढग काळाकुट्ट उभा. पुढचं विमान नुकतंच उडून गेलं, काही झालं नाही. टॉवरनं वारा सांगितला; पट्टीच्या या टोकाला समोरून आणि त्या टोकाला उलटा. मोठे कॅप्टन म्हणाले, "पुढचं गेलं ना? चला, आपणही निघू." बाजूच्यानं 'नाही' म्हटलं तर थांबायचं, असा नियम आहे म्हणे. पण नियमासाठी कोणाला तरी तोंड उघडावं लागतं. आणि ते मनीषानं उघडायचं होतं. नोकरीला दोन वर्षं झालेली, समोर पांढऱ्या केसांचा माणूस.

ती म्हणाली, "सर, दहा मिनिटं थांबू या. दोन टोकांचा वारा जुळत नाही." कॅप्टननी तिच्याकडे पाहिलं. तेव्हा म्हणे तिच्या तोंडून निघून गेलं, "मेरे पिताजी ने टोका है, सर."

कॅप्टनला काय वाटलं असेल ते असो, पण त्यांनी विमान उभं ठेवलं. सहाव्या मिनिटाला पट्टीच्या त्या टोकावर ढगाची बादली पालथी झाली. गवत चारी बाजूंना जमिनीवर झोपलं, विमान उभ्या उभ्या हललं. जिथं ते चाकं उचलून जेमतेम झाडाएवढ्या उंचीवर असतं, नेमक्या त्याच जागी.  पंधरा मिनिटांनी आभाळ मोकळं झालं आणि ते निघाले. मागं बसलेली माणसं उशिराबद्दल कुरकुरत घरी गेली. पेपरात एक ओळ आली नाही. येणार कशी? काही झालंच नव्हतं.

दोन दिवसांनी गुणवंतरावांच्या फोनवर त्या कॅप्टनचा फोन आला. योगायोगानं मी ओट्यावरच होतो, पाणी पीत. 'कॅप्टन' शब्द ऐकताच गुणवंतराव खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले, आत जाऊन टोपी घालून आले आणि मग बोलले. पलीकडून तो माणूस बराच वेळ बोलत होता. गुणवंतराव नुसते ऐकत होते. शेवटी त्यांचा स्टँडवरचा आवाज आला, "दस मिनट रुके न साहब? शाब्बास!" एवढ्या मोठ्या कॅप्टनला त्यांनी शाब्बासकी दिली आणि फोन ठेवून ओट्यावर बसून ढसाढसा रडले. मी जन्मात पहिल्यांदा त्यांना पाणी दिलं.

आमच्या गल्लीनं एक विमान थांबवलं, असं मी वर्गात सांगतो. पोरं हसतात. हसू देत. मतलई वाऱ्यांच्या आधी मी हा वारा शिकवतो, आणि बादली शाळेची वापरतो.

मागच्या वैशाखात मनीषा दोन दिवसांसाठी घरी आली. आता ती कॅप्टन झाली होती. डावी सीट, खांद्यावर चार पट्ट्या. कॅप्टन म्हणून पहिलं विमान नागपूरहून न्यायचं होतं. आक्काच्या हट्टाखातर तिनं युनिफॉर्म घरूनच घातला. सगळी गल्ली बाहेर आली. वानखड्यांची सून लेकराला कडेवर घेऊन उभी होती. शकूरभाई ऑटो पुसून, सुरू करून तयार.

पण आक्कानं सकाळीच भावाला शपथ घातली होती. "आज पोरीचं शुभ काम हाये. आजच्या दिवस तोंड उघडलं तं माह्या गळ्याची आन!" गुणवंतराव खुर्चीत बसले होते, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून, ओठ मिटून. शेजारी तांब्या होता, पण त्यावर पेला पालथा घातलेला. त्यांची नजर एकदा आभाळाकडे, एकदा पोरीच्या बुटांकडे. माणूस आतल्या आत फुटत होता.

मनीषा पाया पडली. "येतो बाबा."

त्यांनी मान हलवली.

ती फाटकापर्यंत गेली आणि थांबली. वळली. "बाबा, काही इचारत नाही?"

त्यांनी आक्काकडे पाहिलं आणि मानेनंच 'नाही' म्हटलं. डोळे भरून आले होते.

"चाल पोरी, मांगं पाहू नोको," आक्का म्हणाली.

"मी तशी नाही जात आत्या," मनीषा म्हणाली. आवाज कॅप्टनचा नव्हता, लहानपणी कुल्फीसाठी अडून बसायची तसा होता. "आजवर तशी गेलीच नाही मी. आज कशी जाऊ?"

 सगळे एकमेकांकडे बघत होते. मी जन्मात कोणाला टोकलेलं नाही. टोकणं ही अंधश्रद्धा आहे, असं माझ्या भाषणाचं दुसरंच वाक्य आहे. पण माझा मीच दोन पावलं पुढं झालो.

"कुठी चालली व मनीषा?"

आक्कानं कपाळावर हात मारला. पण मनीषा अशी हसली की काय सांगू! "नागपूरले चालली काका. विमान न्यायाले."

"मग बस जरा. घाई कायची हाये?"

गुणवंतराव तोवर उठलेही होते. त्यांनी स्वतःची खुर्ची तिच्यासाठी सरकवली आणि पेला भरला. अर्धं पाणी तिच्या चकचकीत बुटांवर सांडलं. ती खुर्चीत बसून घोट घोट पाणी प्याली. शकूरभाईनं ऑटो बंद केला. दहा मिनिटं आमच्या गल्लीत कोणी हललं नाही. दूधवालासुद्धा सायकल धरून उभा राहिला. गुणवंतराव तिच्यामागं उभे होते, एक हात तिच्या खांद्यावरच्या चार पट्ट्यांवर ठेवून.

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. आक्कानं मानेनं परवानगी दिली. आणि निवृत्त झाल्यापासून आम्ही कोणी ऐकलेलं नव्हतं ते वाक्य, जुन्या खणखणीत आवाजात, पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

"झाली वेळ. सोडा गाडी."